जॅझ शिकायचं तर कुणाच्या शेजारी बसायचं?

विचारणारे मिरजेकडचे एक बँडमास्तर आहेत. घरचा ब्रास बँड, तिसरी पिढी. सोळा वर्षांचा पुतण्या ऑल्टो सॅक्सोफोन वाजवतो, गाणं दोनदा ऐकलं की उचलतो, नोटेशन येत नाही. वर्षभर मोबाइलवर चार्ली पार्कर हा जॅझमधला अमेरिकन सॅक्सोफोनवाला ऐकतोय आणि "मला हे शिकायचंय" म्हणून मागे लागलाय. मास्तरांनी तीन गोष्टी विचारल्यात: ऑनलाइन कोर्सला पैसे भरावेत का, मुंबईला ठेवावं का, आणि आमच्यासारख्यांच्या पोराला हे शिकवणारा गुरू कोण मिळणार.

मास्तर, तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकी दोघांची उत्तरं त्याच्या पोटात आहेत. "आमच्यासारख्यांच्या" हा शब्द वाचून जरा हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. ज्याला तुम्ही कमीपणा समजताय तसल्याच घरांतून हे संगीत निघालंय.

मी बेस वाजवतो. पस्तीस वर्षं झाली. हॉटेलं, रिसेप्शनं, स्टुडिओ, आणि कुणी बोलावलं तर जॅझ. पंधराएक वर्षं पोरंही शिकवतोय. त्यातली निम्मी परीक्षा देत देत आलेली असतात, प्रमाणपत्रं भिंतीवर लावलेली. समोर कागद असला की सुरेख वाजवतात. कागद काढून घेतला की हात मांडीवर. तुमचा पुतण्या बरोबर त्यांच्या उलट टोकाला उभा आहे, आणि त्या टोकाकडून जॅझकडे यायची वाट जवळची आहे असं माझं मत आहे.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ब्रास बँड लागतो तो सणाला, मिरवणुकीला आणि अंत्ययात्रेलाही. दफनाला जाताना संथ वाजवतात, परतताना नाचाचा ठेका धरतात आणि मागून गल्ली नाचत येते. वरातीपुढचा तुमचा बँड त्या शहरात कुणाला परका वाटणार नाही. साठच्या दशकात तिथल्या जुन्या बँडांतली माणसं थकली होती आणि नवी पोरं येत नव्हती. डॅनी बार्कर नावाचा बँजो-गिटार वाजवणारा माणूस न्यू यॉर्कला कॅब कॅलोवेच्या ऑर्केस्ट्रात वगैरे बरीच वर्षं काढून १९६५ साली गावी परतला. १९७० च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रींनी गळ घातली म्हणून त्याने आसपासची पोरं गोळा करून बँड काढला. पुढे उभा राहणारा ट्रम्पेटवाला लिरॉय जोन्स तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. विंटन आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस ही भावंडंही लहानपणी त्यात वाजवून गेली. न्यू ऑर्लिन्सच्या ब्रास बँडांची पुढची सगळी लाट, डर्टी डझन या बँडपासूनची, याच पोरांच्या आसपास उठली. बार्करने काही ग्रंथ लिहून दिला नव्हता. गाणी दिली आणि ती रस्त्यावर, माणसांसमोर वाजवायला लावली. तुम्ही पुतण्याला नेमकं तेच दिलंय. चालता चालता वाजवणं, गोंगाटात सूर पकडणं, पुढचा गडी चुकला तर सांभाळून घेणं, कुणी ऐन वेळी फर्माईश केली तर पट्टी शोधून सुरू करणं. माझ्या परीक्षावाल्या पोरांना हे शिकवायला मला दोन वर्षं लागतात.

आता पार्कर. अर्धी गोष्ट पुतण्याला माहीत असेलच, यूट्यूबवर सगळे तीच सांगतात. कॅन्सस सिटी, १९३६ साल, रेनो क्लब. पोरगं तुमच्या पुतण्याच्याच वयाचं. काउंट बेसीच्या बँडमधल्या मंडळींमध्ये वाजवायला उभं राहिलं, मध्येच वाट चुकलं, आणि ड्रमर जो जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. खणकन आवाज, हशा. मग एका उन्हाळ्यात हे पोरगं ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर कामाला गेलं, लेस्टर यंग या सॅक्सोफोनवाल्याचे सोलो रेकॉर्डवरून पाठ केले आणि परत आलं ते वेगळंच होऊन.

गोष्ट खरी आहे, पण तिच्यातला एक माणूस गाळतात. त्याचं नाव बस्टर स्मिथ. टेक्ससकडचा, ऑल्टोच वाजवणारा, पार्करपेक्षा सोळा वर्षांनी मोठा. त्याने पार्करला आपल्या बँडमध्ये घेतलं. एका बँडमध्ये दोन ऑल्टो शेजारी-शेजारी. स्मिथ आधी सोलो घ्यायचा, मग पार्कर. स्मिथने दोन कोरस, म्हणजे गाण्याच्या दोन फेऱ्या, घेतल्या की यानेही दोन घ्यायचे, त्याने तीन घेतले की यानेही तीन. पुढे स्मिथ न्यू यॉर्कला गेला तेव्हा पार्कर मागोमाग गेला आणि त्याच्याच घरी उतरला. आपल्याकडे गुरुगृही राहणं म्हणतात त्यातलाच प्रकार, फक्त गंडा नाही आणि दक्षिणा नाही. अपमानाने पोर घडतं असं सांगायला लोकांना आवडतं, म्हणून झांज लक्षात राहिली. माझ्या मते पार्कर घडला तो त्या शेजारच्या खुर्चीवर. अलीकडच्या सिनेमात खुर्च्या फेकणारा, पोरांच्या मुस्काटात मारणारा जॅझचा मास्तर दाखवतात. तो बघून कुणी पुतण्याला तसल्या माणसाकडे धाडायला सांगितलं तर ऐकू नका.

कडक माणसं या धंद्यात होती, नाही असं नाही. शिकागोच्या दक्षिण भागात दूसाबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट बँड शिकवायचे. त्यांना एकच डोळा होता, पण चुकीचा सूर कुठल्या रांगेतून आला हे सांगायला त्यांना दुसऱ्याची गरज नव्हती. साधी सरकारी शाळा, गरीब वस्ती, आणि त्यांच्या हाताखालून जीन अ‍ॅमन्स, जॉनी ग्रिफिन, व्हॉन फ्रीमन असे एकापेक्षा एक सॅक्सोफोनवाले निघाले. गायिका डायना वॉशिंग्टनही त्यांचीच. शिस्त कडक, पण त्या शिस्तीच्या पलीकडे पोरांना खरा कार्यक्रम, खरे प्रेक्षक मिळायचे. यातला व्हॉन फ्रीमन शिकागो सोडून फारसा गेला नाही, त्यामुळे जगभर नाव व्हायला उशीर झाला. पण म्हातारपणीही दर मंगळवारी रात्री न्यू अपार्टमेंट लाउंज नावाच्या साध्या बारमध्ये तो वाजवायचा, आणि आधी स्वतःचं वाजवून झालं की पोरांना वर बोलवायचा. स्टीव्ह कोलमनसारखी माणसं त्याला ऐकून, त्याच्याबरोबर वाजवून मोठी झाली. शाळेतल्या मास्तरांनी याला दिलं, याने बारमधल्या पोरांना दिलं. घराणं म्हणा हवं तर.

आर्ट ब्लेकीचं आणखी निराळं. हा ड्रमर. जॅझ मेसेंजर्स या नावाने १९५० च्या दशकापासून १९९० ला मरेपर्यंत बँड चालवला आणि बँडमध्ये पोरंच घेतली. १९५४ साली न्यू यॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये माइकवरून त्याने सांगून टाकलं होतं की मी तरुणांबरोबरच राहणार, हे म्हातारे झाले की आणखी तरुण शोधीन. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड त्याच्याकडचे. विंटन मार्सालिस १९८० मध्ये आला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. ब्लेकी स्वतः चाली लिहिणारातला नव्हता, म्हणून पोरांनीच नव्या चाली आणायच्या. तो मागे बसून ठेका द्यायचा, आणि सोलो रेंगाळायला लागला की ड्रमवर असा काही गडगडाट करायचा की वाजवणाऱ्याला पुढे सरकावंच लागे. पोर तयार झालं की त्याने जायचं, स्वतःचा बँड काढायचा, हे ठरलेलं. आपल्याकडे एका गुरूला धरून राहणं हे निष्ठेचं लक्षण. इथे चार लोकांकडून चार गोष्टी घेतल्या तर कुणी बेइमान म्हणत नाही. त्यामुळे "एक गुरू" शोधण्यात वर्ष घालवू नका.

आणि गुरू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पुरुषच आला असेल. चाळीसच्या दशकात न्यू यॉर्कच्या हार्लेममधल्या हॅमिल्टन टेरेसवर पियानोवादक मेरी लू विल्यम्स राहायची, आणि मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी ही वादक मंडळी तिच्या घरी जमून पियानोभोवती वाद घालायची. गायिका बेटी कार्टर तर दरवेळी पंचविशीतली पोरं साथीला घेऊन त्यांना घाम फोडायची. तुमच्या घरात क्लॅरिनेटवर हात टाकणारी एखादी पुतणी असेल तर तिलाही या सगळ्यात धरा.

माझंच सांगतो. एकोणिसाव्या वर्षी मुंबईतल्या एका हॉटेलात आजारी बेसिस्टच्या जागी गेलो. पियानोवर एक गोवेकर अंकल होते, साठीचे. पहिल्या सेटमध्ये मी जितकी बोटं चालत होती तितकी चालवली. त्यांनी काही म्हटलं नाही. ब्रेकमध्ये किचनच्या मागच्या जिन्यावर मला बसवलं, सिगारेट पेटवली आणि बेसची ओळ तोंडाने म्हणाले. चार मात्रा, चार सूर. मला म्हणायला लावली. मग पुन्हा. असे चार-चार मात्रांचे बारा बार झाले. दुसऱ्या सेटमध्ये तेवढंच वाजवलं आणि पहिल्यांदा मला ड्रम्स ऐकू आले. पुढे तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी मला शिकवलं असं ते कधी म्हणाले नसते.

उलटाही अनुभव आहे. एका बँडलीडरने "शिकवतो" म्हणून वर्षभर माझ्याकडून स्पीकर उचलून घेतले. स्टेजवर एकदाही उभं केलं नाही. नाव घेत नाही. पण तेव्हापासून माझी एक कसोटी आहे, ती तुम्हीही वापरा: चार-सहा महिन्यांत पोराला माणसांसमोर वाजवायला मिळालं का, आणि त्याची नेमकी चूक कुणी त्याला सांगितली का. "मस्त वाजवतो" हे शिकवणं नव्हे, आणि "तुला नाही जमणार" हेही नव्हे. "पाचव्या बारला तू उशिरा पोचतोस" हे शिकवणं.

आता कामाचं.

पार्करपासून सुरू करायचं, पण त्याच्या वेगवान गाण्यांपासून नको. त्याचं १९४५ चं 'नाउज द टाइम' घ्या. साधा ब्लूज, एकच छोटी धून फिरून फिरून येते. पट्टी एफ, म्हणजे तुमच्या भाषेत पांढरी चार. ऑल्टोवर बोटं डीची पडतात. मात्र वाजवण्याआधी ब्लूजचं आवर्तन अंगात मुरायला हवं, आणि तिथे मिरजेच्या पोराला मी कोर्सची भाषा वापरणार नाही. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा: एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचा एक ताल समजा. पहिल्या सोळा मात्रा सा च्या घरात. सतराव्या मात्रेला म च्या घरात जायचं, आठ मात्रा राहायचं. पंचविसाव्याला सा वर परत. तेहेतिसाव्याला प, सदतिसाव्याला म, एकेचाळिसाव्याला पुन्हा सा, आणि अठ्ठेचाळीस संपले की सम. एका फेरीला कोरस म्हणतात. त्याला सांगा, आठवडाभर सॅक्सोफोन पेटीत ठेव, रेकॉर्ड लाव आणि सतरावी आणि तेहेतिसावी मात्रा आली की फक्त हात वर कर. सोलो कितीही वळणं घेऊ दे, हात बरोबर जागी वर गेला पाहिजे. पार्कर रेनो क्लबमध्ये वाट चुकला म्हणतात ती अशाच आवर्तनातली वाट.

टाळी द्यायची ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. हे आपल्या लोकांना फार जड जातं. आपलं भजन, आरती, सगळं पहिल्यावर टाळी देऊन झालंय. मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं टकटक यंत्र, साठवर ठेवायचा आणि ती टकटक दोन आणि चार आहे असं समजून चालायचं. पहिले चार दिवस भांडण होईल.

मग गाणं. तोंडाने. लेनी ट्रिस्टानो हा न्यू यॉर्कचा आंधळा पियानोवादक जॅझ पद्धतशीर शिकवणाऱ्या पहिल्या काही लोकांतला. तो शिष्यांना लेस्टर यंगचे सोलो आधी गायला लावायचा, वाद्य नंतर. गळ्यातून आलं नाही ते बोटांतून आलं तर ती नुसती बोटं असतात. 'नाउज द टाइम'मधल्या सोलोच्या पहिल्या बारा बारांना महिना लागला तरी चालेल. यूट्यूबवर वेग पाऊण करता येतो, अर्धाही होतो. गाऊन झालं की वाजवायचं, रेकॉर्डबरोबर, श्वाससुद्धा पार्कर जिथे घेतो तिथेच घ्यायचा. स्विंग म्हणतात ती चाल कागदावर लिहिता येत नाही, ती अशीच येते. क्लार्क टेरी हा ट्रम्पेटचा मोठा माणूस, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसपासून संगीतकार क्विन्सी जोन्सपर्यंत कितीतरी पोरांचा मार्गदर्शक. तो तीनच पायऱ्या सांगायचा: नक्कल कर, पचव, मग स्वतःचं काढ. आपल्याकडच्या पोरांना पहिल्या पायरीची लाज वाटते आणि तिसरीची घाई असते. तुमच्या पुतण्याला नक्कलेची लाज नाही, बँडमध्ये तोच धंदा आहे. त्याने दुसरीवर जरा रेंगाळावं. उचललेला तुकडा पांढरी चारमध्ये बसला की काळी पाचमध्ये वाजवायचा, मग पांढरी एकमध्ये. बाराही पट्ट्यांत फिरला की तो पचला म्हणा.

एक पलटा देतो, तो तुम्हालाही आवडेल. बॅरी हॅरिस नावाचे डेट्रॉइटचे पियानोवादक होते, २०२१ मध्ये वारले. दशकानुदशकं न्यू यॉर्कला दर आठवड्याला वर्ग घ्यायचे, येईल त्याला बसू द्यायचे, आणि त्या वर्गांचे ढीगभर व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. त्यांच्या शिकवण्यातली पहिली गोष्ट: तार सा पासून उतरायचं, पण दोन्ही निषाद लागोपाठ लावून. सां, शुद्ध नी, कोमल नी, ध, प, म, ग, रे. मात्रेला दोन सूर. मोजून बघा, मात्रेवर कोण पडतं: सां, कोमल नी, प, ग. म्हणजे कॉर्डचे चारही सूर बरोबर मात्रेवर आणि बाकीचे फटीत. एक जास्तीचा निषाद घातल्याने सगळा हिशोब जमतो. खमाजातही दोन्ही निषाद आहेत, पण तिथे शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना. इथे उतरतानाच दोन्ही. पार्करच्या ओळींमध्ये हे जागोजागी दिसेल. म च्या घरात गेलात की हाच पलटा म ला सा मानून.

आवाजाबद्दल जरा कडू बोलतो. वरातीत डीजेशी टक्कर घेऊन घेऊन बँडवाल्यांचा फुंकर करकरीत होतो, जबडा रीडवर आवळला जातो, सूर वर चढतो. रोज सकाळी वीस मिनिटं लांब सूर, अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस जागं होणार नाही इतक्या. ट्यूनर समोर. रीड एकच घासत बसू नये, तीन-चार फिरवाव्यात. आणि वरातीत कानात बोळे घालावेत. हसू नका, माझा डावा कान गेलाय. दुसरं म्हणजे तो सिनेमातला थरथरता, लाडिक सॅक्सोफोन. मनोहारी सिंगांच्या हातात तो शोभला, पण सगळ्या सुरांवर तीच थरथर मारली की जॅझची ओळ गोड चिकट होते. ईस्ट सेंट लुईसमधल्या एल्वुड ब्यूकॅनन नावाच्या शाळामास्तरांनी लहानग्या माइल्स डेव्हिसला हेच सांगितलं होतं, सरळ सूर लाव. जन्मभर तो सरळ सूर माइल्सची ओळख होऊन राहिला.

नोटेशन शिकायचंच. सवलत नाही. पियानोवादक एरॉल गार्नरला वाचता येत नव्हतं हे खरं, पण त्याचं नाव सांगून पळवाट काढणारे मी शंभर पाहिले आणि गार्नर एकच. रोज वीस मिनिटं, सहा महिने. बँडमध्ये जुने कोणी वाचणारे असतील तर त्यांच्याकडूनच. नाहीतर गावातला चर्चचा ऑर्गनवाला, पोलीस बँडमधला निवृत्त माणूस, कुणीही चालेल. वाचायला शिकवणाऱ्याला जॅझ यायची गरज नाही.

इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. ऑनलाइन कोर्स घ्या, पण स्वस्तातला आणि छोटा, एका वेळी एक. त्यात माहिती मिळते. त्यात कुणी तुमच्या पोराबरोबर वाजवत नाही, आणि तो घाई करतोय हे ऐकत नाही. माइल्स डेव्हिस १९४४ मध्ये न्यू यॉर्कला ज्युलियार्डमध्ये शिकायला आला, रात्री पार्करला शोधत फिरला आणि वर्षभरात शाळा सोडली, हे सगळे मिटक्या मारत सांगतात. त्याच काळात ग्रंथालयातून तो संगीतकार स्ट्राविन्स्कीची स्वरलेखनं आणून चाळायचा, हे कुणी सांगत नाही. 'नाउज द टाइम'मध्ये पार्करच्या शेजारी ट्रम्पेट वाजवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे तोच. दोन्हीकडून घेतलं त्याने.

मुंबईचं म्हणाल तर ठेवू नका, पाठवा. दोन महिन्यांतून एकदा, दोन दिवस. मुंबईत जॅझ येऊन नव्वद वर्षं तरी झाली. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमध्ये आला, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येत राहिले. गोव्याची पोरं तोवर गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तांकडून, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडून, सॉल्फेज (सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकून हॉटेलांत नोकऱ्या धरून होती. त्यांच्याकडे वाचन होतं, जॅझची चाल नव्हती. ती त्यांनी या पाहुण्यांना ऐकून, जमेल तिथे त्यांच्याबरोबर वाजवून उचलली. त्यातलाच अल्दोन्याचा अंतोनियो शावियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, आणि त्याच्या ट्रम्पेटचा उपयोग करून घेणारे आपले पुणतांब्याचे चितळकर, सी. रामचंद्र. 'अलबेला'तली गाणी तुमच्या बँडच्या यादीत असणारच. म्हणजे पुतण्याच्या वहीत जॅझचे तुकडे आधीपासून आहेत, फक्त कुणी त्याला सांगितलं नाही.

मुंबईत जॅम सेशन होतात, जागा बदलत राहतात, चौकशी करून जायला लागतं. एनसीपीए या कलाकेंद्रातले जॅझचे कार्यक्रम आहेत, ३० एप्रिलला जागतिक जॅझ दिनाच्या निमित्ताने ठिकठिकाणी काही ना काही असतं. पहिल्या खेपेला वाद्य न्यायचं पण पेटी उघडायची नाही. पूर्ण ऐकायचं. ब्रेकमध्ये जाऊन सॅक्सोफोनवाल्याशी बोलायचं, "सर, शिकवाल का" असं नाही, "त्या तिसऱ्या गाण्यात तुम्ही शेवटी काय केलंत" असं. नेमका प्रश्न विचारणाऱ्या पोराला कुणी झिडकारत नाही. दुसऱ्या खेपेला ब्लूज मागायचा, पट्टी आधी सांगायची, दोन कोरस वाजवायचे आणि थांबायचं. दुसऱ्याच्या सोलोत मागून फुंकायचं नाही. उतरताना बेसवाल्याचे आभार मानायचे. आमचे कुणी मानत नाही.

परदेशी शाळांचं आत्ता डोक्यातून काढा. बॉस्टनचं बर्कली १९४५ पासून हेच शिकवतंय, चांगलं शिकवतं, ऑडिशन आणि मुलाखत घेऊन घेतात आणि शिष्यवृत्त्याही देतात. पण खर्च प्रचंड. अठरा-एकोणीसला बघू. तोवर बारावी होऊ द्या.

राहता राहिला तुमचा बँड. लग्नसराईत पोराला सुपारीवरून काढू नका. तिथेच त्याची ताकद आहे आणि तुमचं पोट आहे. पण चातुर्मासात बँड रिकामा असतो ना? आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. पाच माणसं: पुतण्या, एक ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून ब्रश घ्यायचे, झांजेवर "टिंग, टिंग-टि टिंग". युफोनियमवाल्याला बेस द्या, मात्रेला एक सूर: सा ग प ध, कोमल नी ध प ग. म च्या घरात हीच चाल म पासून. तो म्हणेल हे काय पोरखेळ. त्याला अर्धा तास न थांबता, वेग न वाढवता वाजवायला सांगा, मग बघू. क्लॅरिनेटच्या म्हाताऱ्याला पहिला सोलो द्या, त्याच्या मनाला येईल तो, सिनेमातला तुकडा घातला तरी चालेल. त्याने एक कोरस घेतला की पुतण्याने एक घ्यायचा, दोन घेतले की दोन. तुम्ही बाजूला बसून सतरावी आणि तेहेतिसावी मात्रा मोजा, आणि पोर चुकलं की गाणं थांबवू नका. पुढच्या समेवर त्याला डोळ्याने खुणावा.

महिन्याभराने मोबाइलवर एक रेकॉर्डिंग करून मला पाठवा, तीन-चार मिनिटांचं पुरे. फोन पुतण्यासमोर नको, युफोनियमच्या जवळ ठेवा.